मऊ तोंड

मागच्या आठवड्यात कॉलेजच्या एका मित्राचा मेसेज आला. "कॉकर स्पॅनियल घेतोय. फॅमिलीसाठी बेस्ट असतो ना? तुझ्याकडे आहे म्हणून विचारतोय." खाली पिल्लाचा फोटो. लोंबते कान, ओले डोळे, जगात कुणाचं काही वाईट करायचं नाही असा चेहरा.

मी "हो" टाइप केलं आणि खोडलं. "नको" टाइप केलं, तेही खोडलं. तिकडे त्याला निळ्या टिका दिसत होत्या आणि उत्तर काही येत नव्हतं. शेवटी "सांगतो सविस्तर" एवढंच पाठवलं. हे ते सविस्तर.

आम्ही टेमघरला राहतो, भिवंडीत. कल्याण रोडवरून टेम्पो आणि कंटेनर दिवसरात्र जात असतात, गल्लीत शिरलं की यंत्रमागांची खटखट ऐकू येते. आमच्या बिल्डिंगच्या जागी माझ्या लहानपणी भातशेती होती. आता मागच्या बाजूला एक पडीक तुकडा उरलाय, पावसाळ्यात त्यात पाणी साचतं आणि बगळे येतात. घरात आई-बाबा, दहावीतली बहीण, मी आणि आजी. मी एका गोडाऊनमध्ये स्टॉकचा हिशेब ठेवतो. त्यामुळे घरात कुत्रा आणायचं ठरलं तेव्हा मी तेच केलं जे मला येतं. एक्सेल शीट बनवली.

जातींची नावं उभी, प्रश्न आडवे. फ्लॅटमध्ये राहील का? मुलांशी कसा? केस किती गळतात? भुंकतो किती? चावतो का? कॉकर जवळपास सगळीकडे पास झाला. उंची जेमतेम सव्वा फूट, वजन तेरा-चौदा किलो, स्वभाव लाघवी. कानांना इन्फेक्शन लवकर होतं आणि रोज केस विंचरावे लागतात, एवढ्या दोनच तक्रारी. ही जात मुळात कशासाठी घडवली, हेही प्रत्येक व्हिडिओत सुरुवातीला सांगायचे. तो भाग मी पुढे ढकलायचो. इतिहास आहे, आपल्याला काय करायचाय. माझ्या शीटमध्ये त्यासाठी रकानाच नव्हता.

पिल्लू घरी आलं, सोनेरी-तपकिरी. बहिणीने नाव ठेवलं खारीक. शेपूट आधीच कापलेली होती. विकणारा म्हणाला, "या जातीत असंच असतं." मी विचारलं नाही का असतं.

आजीने खारकेला नीट न्याहाळलं आणि एकच प्रश्न विचारला. "यो काय काम करनार?"

मी म्हटलं, "काम काही नाही आजी. ती आपल्याला लळा लावणार."

"मंग ते काय काम हाय?" आजी म्हणाली, आणि आम्ही सगळे हसलो.

त्या प्रश्नाचं उत्तर मला दोन वर्षांनी मिळालं. तेही आजीकडूनच.

*

आधी तो इतिहास सांगतो, जो मी पुढे ढकलला होता.

'स्पॅनियल' म्हणजे साधारण 'स्पेनचा कुत्रा'. 'कॉकर' हे नाव वुडकॉक या पक्ष्यावरून पडलं. वुडकॉक झाडीत जमिनीला चिकटून बसतो, पाचोळ्यात दिसतही नाही. त्याला उठवायला बुटका, दाट झुडपात घुसू शकणारा कुत्रा हवा होता. इंग्लंडमध्ये एकाच वेतातली पिल्लं वजनावरून वेगळी करत. जी मोठी निघतील ती स्प्रिंगर, लहान राहतील ती कॉकर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात कॉकर ही स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेली. मग ती रानातून दिवाणखान्यात आली. १९५५ साली डिस्नेने 'लेडी अँड द ट्रॅम्प' काढला, तेव्हा घरात लाडाने वाढलेल्या नायिकेसाठी त्यांनी कॉकरच निवडली होती.

तिचं मूळ काम असं. बंदूकवाल्याच्या पुढे वीस-तीस पावलांवर राहायचं. सरळ न जाता डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे असं नागमोडी हुंगत जायचं. पक्षी उठला की तिथेच बसायचं, पाठलाग करायचा नाही. गोळी सुटली की पक्षी कुठे पडला ते लक्षात ठेवायचं. हुकूम झाला की जाऊन तो उचलायचा आणि मालकाच्या हातात द्यायचा. उचलताना दात लावायचे नाहीत, कारण फाटलेला पक्षी ताटात वाढता येत नाही. याला शिकारी लोक 'मऊ तोंड' म्हणतात. शेपूटही त्याच कामापायी कापत. काटेरी झुडपात सतत हलणारी शेपूट रक्ताळते म्हणून.

आमच्या फ्लॅटमध्ये काटेरी झुडूप नाही. एक तुळस आहे आणि एक मनी प्लांट.

पण खारकेला खाली फिरवायला नेलं की ती पार्किंगमध्ये गाड्यांमधून अशीच नागमोडी चालायची. आणि दर पाच-दहा पावलांनी थांबून मागे वळून माझ्या तोंडाकडे बघायची. बिल्डिंगमधले लोक म्हणायचे, "किती प्रेम आहे बघा, सारखी बघते." मलाही भरून यायचं. माझ्याकडे इतक्या वेळा वळून कुणी बघितलं नव्हतं.

हे वळून बघणं कशाचं आहे, ते मला पुढे कळलं. बंदुकीच्या टप्प्याबाहेर गेलेला कुत्रा शिकाऱ्याच्या उपयोगाचा नाही. म्हणून जे कुत्रे वळून बघायचे त्यांचीच पिल्लं ठेवली गेली, पिढ्यान्‌पिढ्या. माणसाच्या चेहऱ्यावरचा हुकूम वाचणं, तो मिळाला की आनंदणं, तोंडातली वस्तू न चावता हातात देणं, लहान मुलाने कान ओढला तरी न गुरगुरणं. माझ्या शीटमध्ये ज्यासाठी मी हिरवे रकाने भरले होते, ते सगळं बंदुकीसाठी घडवलेलं होतं.

जाहिरातीत लिहितात, 'उत्तम फॅमिली डॉग आणि उत्तम शिकारी'. जणू दोन वेगळे गुण आहेत, यातला एक आपण वापरू, दुसरा पडून राहील. फोनमध्ये एखादं ॲप असतं आणि आपण उघडत नाही, तसं. पण तो गुण एकच आहे. त्यातला घरात दिसणारा भाग आपल्याला गोड वाटतो, एवढंच.

*

मी तिला शिटीवर शिकवलं. ऑनलाइन सगळे तसंच शिकवतात. एक लांब शिटी म्हणजे बस, तोकड्या दोन-तीन म्हणजे ये. आठवड्यात शिकली. हॉलच्या एका टोकाला मी शिटी वाजवायचो आणि दुसऱ्या टोकाला ती धपकन बसायची. बहिणीने त्याची रील केली.

आजी मात्र शिटी वाजली की उठून आत जायची. "घरात शिटी वाजवू नको," एवढंच म्हणायची. आम्हाला वाटलं, जुन्या बायकांचं असतंच काहीतरी. तिन्हीसांजेला शिटी वाजवली की साप येतो, तसलं.

गेल्या वर्षी मे महिन्यात आजीच्या माहेरी हळद होती. तिचं माहेर खाडीकडच्या अंजूर-अलिमघर पट्ट्यातलं. आमच्या आगरी घरांतली हळद म्हणजे काय ते सांगायला नको, रात्री दोनपर्यंत बेंजो वाजत होता. पहाटे सगळे झोपले होते तेव्हा मी खारकेला घेऊन आजीच्या भावाच्या शेताकडे गेलो. आजीही जागी होती, ती मागून आली आणि बांधावर बसली. नांगरणी व्हायची होती, ढेकळं वाळून कडक झालेली. मी पट्टा सोडला.

खारीक अशी धावताना मी कधी बघितली नव्हती. पार्किंगमध्ये जे अर्धवट दिसायचं, ते तिथे पूर्ण दिसलं. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, नाक जमिनीला, कापलेली शेपूट थरथरत. कुणी शिकवलं नव्हतं. दोन वर्षं आमच्या सोफ्यावर झोपणारी कुत्री स्वतःच्या घरी आल्यासारखी वाटत होती.

मग टिटव्या उठल्या. दोन, डोक्यावर घिरट्या घालत, कानठळ्या बसतील अशा ओरडत. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते आणि पिल्लं धोका दिसला की ढेकळासारखी निपचित पडून राहतात. मला दिसलं नाही, खारकेला वास आला. मी शिटी वाजवेपर्यंत तिने मान खाली घातली आणि वर केली.

ती माझ्याकडे धावत आली. समोर बसली. मान वर केली आणि तोंडातलं माझ्या हातात दिलं. पिल्लू जिवंत होतं. मुठीएवढं, लाळेने ओलं, हृदय इतकं जोरात उडत होतं की माझ्या तळव्याला कळत होतं. एक ओरखडा नव्हता.

आणि मी खारकेच्या नाकावर जोरात चापट मारली.

ती ओरडली नाही. बसल्या जागी बसली आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. काय चुकलं ते शोधत. तिच्या दृष्टीने काहीच चुकलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा तिने सगळं अगदी बरोबर केलं होतं.

"मारतोस कशाला तिला?" आजी बांधावरून ओरडली. "जितं आनलंय ना तिनं!"

पिल्लू जिथून उचललं होतं तिथे मी ठेवलं आणि खारकेला ओढत लांब आलो. थोड्या वेळाने एक टिटवी खाली उतरली, ढेकूळ हललं आणि तिच्या मागे चालू लागलं. मी बांधावर आजीशेजारी बसलो तेव्हा माझे हात कापत होते.

आजी म्हणाली, "माझा बापूस पन हेच काम करं."

*

मी आजीच्या वडिलांबद्दल फार ऐकलं नव्हतं. भात, मासे, मिठागर, एवढंच.

आजीने सांगितलं ते असं. तिचे वडील दहा-बारा वर्षांचे असताना, म्हणजे साधारण १९३०-३५ च्या सुमारास, थंडीत साहेब लोक शिकारीला यायचे. भात कापून झालेलं असायचं, खाचरांत चिखल-पाणी उरलेलं. त्यात पाणलावे उतरायचे. पाणलावा म्हणजे इंग्रजीत स्नाइप. उत्तरेकडून हिवाळ्यासाठी येणारा, लांब चोचीचा, चिखलाच्याच रंगाचा पक्षी. उठला की असा वेडावाकडा उडतो की नेम धरणं अवघड. बीजीएमआय खेळताना आपण 'स्नायपर' म्हणतो ना, तो शब्द या पक्ष्यावरून आला. अठराव्या शतकात हिंदुस्थानातले इंग्रज अधिकारी स्नाइपच्या शिकारीला जायचे, तिथून तो रुळला.

साहेब कोरड्या बांधावर उभा राहायचा. गावची पोरं चिखलातून पक्षी उठवायची. बंदूक वाजली की पाखरू जिथे पडलं तिथे आजीचे वडील धावायचे, गुडघाभर चिखलात. एक शिटी म्हणजे थांब. दोन म्हणजे घेऊन ये. पाखरू दाबायचं नाही, पिसं मोडायची नाहीत. दिवसाचा एक आणा.

एका वर्षी एका साहेबाने विलायती कुत्रा आणला होता, लोंबत्या कानांचा. दुपार झाली तसा त्याला उन्हाने दम लागला. त्याला चिंचेखाली सावलीत बसवलं, पाणी पाजलं. आणि त्याचं उरलेलं काम आजीच्या वडिलांनी केलं.

"म्हातारा झाला तरी कुनी शिटी वाजवली का थांबं," आजी म्हणाली. "रस्त्यात, बाजारात. चालता चालता थांबं. मंग स्वतःलाच शिवी घाली."

मी खिशातली शिटी मुठीत धरून बसलो होतो.

*

त्यानंतर काही महिने माझ्या डोक्यात एकच भांडण चालू होतं.

एक बाजू म्हणायची, कुत्रा आणि माणूस यांची तुलनाच चूक. आजीच्या वडिलांना ते काम नको होतं. संध्याकाळी ते घरी जायचे, तिथे ते कुणाचे तरी भाऊ, मुलगा होते. त्यांना त्या शिटीचा राग होता, आणि तो राग त्यांनी आपल्या मुलीला दिला. खारकेला शिटी आवडते. ती आवाज ऐकून आनंदाने थरथरते. मग अन्याय कुठे आहे?

दुसरी बाजू म्हणायची, तेच तर. माणसाला हुकूम बाहेरून दिला, आत तो त्याला नाकारू शकला. कुत्र्याच्या बाबतीत आपण हुकूम आतच नेऊन ठेवला. शेकडो वर्षं निवडून निवडून तिची इच्छाच घडवली. राग यायला जी जागा लागते, तीच ठेवली नाही.

डेरेक पारफिट नावाचा ब्रिटिश तत्त्वज्ञ होता. १९८४ च्या 'रीझन्स अँड पर्सन्स' या पुस्तकात त्याने एक कोडं मांडलं. ज्या निर्णयामुळे कुणी जन्माला आलं, त्याच निर्णयाने त्याचं नुकसान झालं असं म्हणता येईल का? तो निर्णय नसता तर ते नसतंच. खारकेला हे तंतोतंत लागू पडतं. शिकारीसाठी ही जात घडवली नसती तर खारीक नसती. तेव्हा 'तिच्यावर अन्याय झाला' हे वाक्य नीट उभंच राहत नाही.

या कोड्यात मी बराच काळ अडकलो. मग वाटलं, प्रश्न मागचा नाहीच. तिला कुणी आणि का घडवलं याचा जाब मी द्यायचा नाही. पण घडवलेली भूक माझ्या घरात आणण्याचा निर्णय माझा होता. दुकानातून वस्तू आणली की बिल आपण भरतो, ती कुणी बनवली हे त्याला कारण होत नाही.

आणि हे बिल साधं नाही, कारण तिची भूक भागवणं आता गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला काही प्राणी-पक्ष्यांची परवाना काढून शिकार करता येत होती. १९९१ च्या दुरुस्तीने तीही बंद झाली. शिवाय कायद्याच्या व्याख्येत शिकार म्हणजे फक्त मारणं नाही. पकडणं, हाकणं, पक्ष्यांची अंडी-घरटी विस्कटणं हेही तिच्यात येतं. म्हणजे माझ्या कुत्रीला जे सगळ्यात चांगलं येतं, ते या देशात तिने कधीच करू नये. टिटवीच्या बाजूने मी यात तसूभरही मागे हटणार नाही. ज्ञानेश्वर पहिल्याच अध्यायात आपला लहानपणा सांगायला चोचीने समुद्र मोजणारी टिटवी आणतात. दुबळ्याच्या हिमतीसाठी आपल्या भाषेने निवडलेला हा पक्षी आहे. लाडाच्या कुत्र्याच्या तोंडी तो द्यायला मी तयार नाही.

गंमत म्हणजे आपल्या परंपरेतले आठवणीतले कुत्रे कुणी निवडलेले नाहीत. नामदेवांची पोळी पळवणारा कुत्रा आपणहून आला, आणि ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. युधिष्ठिराच्या मागे स्वर्गाच्या दारापर्यंत गेलेला कुत्राही वाटेत मागे लागलेला. या गोष्टींत कसोटी माणसाची असते. दारात आलेल्याला तू कसं वागवतोस? आपली पिढी मात्र निवडते. रंग, उंची, स्वभाव, सगळं. फोटो बघून, शीट भरून. कसोटीही मग बदलते. जे आलं त्याला सांभाळणं ही दया झाली. जे आपण निवडलं, त्याच्यातलं न निवडलेलंही सांभाळणं हे देणं आहे. दयेत थोडं कमी पडलं तर चालतं. देणं पूर्ण करावं लागतं.

गावठी पिल्लू आणलं असतं तर हा प्रश्नच आला नसता का? थोडा कमी आला असता. ते स्वतःसाठी घडलेलं असतं, कुणाच्या बंदुकीसाठी नाही. आज पुन्हा निवडायचं असतं तर मी बहुधा खालच्या वॉचमनच्या केबिनमागे जन्मलेल्यांपैकी एक उचललं असतं. पण हे म्हणताना खारीक पायावर हनुवटी ठेवून बसलेली असते, आणि मला ते वाक्य मोठ्याने म्हणता येत नाही.

*

मग मी काय करतो?

शिटी बंद केली. आता टाळी वाजवतो. खारकेला फरक पडला नाही, आजी मात्र हॉलमध्ये बसू लागली.

शेताकडे नेलं तर लांब दोरी बांधून. मार्चपासून पावसाळा सरेपर्यंत, टिटव्यांच्या विणीच्या दिवसांत, मोकळ्या रानात नेतच नाही. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत फिरवून आणतो, कारण चिंचेखाली दमून बसलेला तो विलायती कुत्रा आता मला ठाऊक आहे.

आणि गोडाऊनमधून रिकामे खोके आणतो. दहा-बारा खोके घरभर मांडायचे, एकात सुक्या बोंबलाचा तुकडा लपवायचा आणि तिला सोडायचं. ती डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे जाते, खोका सापडला की बसते आणि वळून बघते. सोप्पा वाटतो, पण वीस मिनिटांच्या या खेळाने ती जितकी शांत झोपते तितकी तासभर चालून झोपत नाही. हे शेत नाही, मला माहीत आहे. तिलाही माहीत असावं. पूर्ण देणं फिटत नाही, हप्ता जातो.

सुरुवातीला बोंबील मी लपवायचो. हल्ली आजी लपवते. माझ्यापेक्षा अवघड जागा शोधते, पिठाच्या डब्यामागे, शिलाई मशीनच्या पायात. मग खुर्चीत बसून म्हणते, "जा गो, शोध." खारीक तुकडा शोधते, खात नाही, आणून आजीच्या हातात ठेवते. दात न लावता. आजी तो हातात धरून क्षणभर बघते आणि तिलाच परत भरवते.

काम काय, हा आजीचा प्रश्न होता. आता ती तो विचारत नाही.

तर मित्रा, कॉकर फॅमिलीसाठी चांगला असतो का? हो, फार चांगला असतो. का चांगला असतो, ते वर लिहिलंय. ते वाचूनही घ्यावासा वाटला तर घे. फक्त तुझ्या शीटमध्ये एक रकाना वाढव, जो माझ्यात नव्हता. रोज सकाळी उठून तिच्यासाठी तू काय लपवून ठेवशील, तेवढं लिही. बारा-चौदा वर्षं रोज. तो रकाना भरला की मला मेसेज कर.